विंचवाचे विष आणि औषधाची किल्ली

भातकापणी आली की कामशेत, नाणे मावळच्या शेतकऱ्याला पेंढ्याखालच्या विंचवाची धास्ती असते. लाल विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसांत पाणी भरू शकते. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही धोक्याची लक्षणे.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी ही साखळी नेमकी कुठे तोडायची, याचा विचार केला. रक्तवाहिन्यांवरचे अल्फा रिसेप्टर हे कुलूप, ॲड्रेनलिन ही किल्ली. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी ते कुलूपच अडवते. या उपचाराने कोकणातले मृत्यू खूप घटले. सोबत प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हेही २०११ मध्ये दिसले.

तरीही ‘सुई मारा, गोळीने काय होणार?’ हा आग्रह सुटत नाही. औषधाची ताकद सुईत किंवा किमतीत नसते. ते शरीरात कुठे काम करते, यात असते. हीच गोळी रक्तदाब एकदम उतरवू शकते, म्हणून ती मनाने घेऊ नये. मंत्र-उताऱ्यात वेळ न दवडता सरकारी रुग्णालय गाठावे.