‘बरोबर आहे ना?’

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. घरून निघताना आबांनी एकच उपदेश केला होता : “शहाण्यांत गप्प बसावं.” पहिले वर्षभर मी तो तंतोतंत पाळला आणि त्याची किंमतही मोजली.

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरला. पंधरा दिवसांनी चौकशीला गेलो आणि विचारले, “अर्ज गेला ना?” उत्तर आले, “गेला.” ते खोटे नव्हते. अर्ज गेला होता. पण उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपल्यामुळे तो परतही आला होता. मला हे कळले तेव्हा शेवटची तारीख उलटून गेली होती. फीसाठी आईने दोन शेळ्या विकल्या. “आता यात काय व्हायचे राहिले आहे?” एवढेच मी विचारले असते, तर त्या दावणीला राहिल्या असत्या.

तेव्हापासून माझे असे मत झाले आहे की, आपण पुष्कळदा प्रश्न विचारतच नाही. प्रश्नाच्या नावाखाली होकार मागतो. ‘झाले ना?’, ‘बरोबर आहे ना?’, ‘बरी आहेस ना?’ यांत उत्तर आपणच घालून ठेवलेले असते. समोरच्याने फक्त मान हलवायची. खऱ्या प्रश्नात मात्र समोरच्याला बोलायला जागा असते, आणि आपल्याला ठाऊक नाही याची कबुलीही असते. आपण घाबरतो ते या कबुलीला.

दिवाळीच्या सुट्टीत आबांबरोबर कांदा घेऊन मार्केटला गेलो होतो. हिशोबाची पट्टी हातात पडताच आबांनी नेहमीप्रमाणे विचारले, “बरोबर आहे ना, शेठ?” शेठ म्हणाले, “अगदी बरोबर.” फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, असा नियम महाराष्ट्रात २०१६ साली झाला, हे मी अर्थशास्त्राच्या तासाला ऐकले होते. म्हणून पट्टी नीट वाचली. अडत नव्हती, हमाली, तोलाई होती, आणि खाली ‘इतर’ म्हणून एक रक्कम. मी विचारले, “शेठ, हे ‘इतर’ कशाचे?” शेठ न रागावता एकेक रक्कम सांगू लागले, आणि सांगता सांगता त्यांनाच दिसले की, हमाली दोनदा लागली आहे. ती त्यांनी खोडली. भांडण नाही, आवाज नाही. प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मात्र प्रश्नालाही तयारी लागते. पट्टी न वाचता मी काय विचारणार होतो?

वर्गातही हेच चालते. “समजले का?” असे सर विचारतात आणि आम्ही एका सुरात “हो सर” म्हणतो. प्राध्यापकांना नम्र विनंती की, “यातले काय अवघड गेले?” असे विचारून पाहावे. पहिले दोन दिवस वर्ग गप्प राहील. तिसऱ्या दिवशी कुणीतरी बोलेल. दोष एकट्या सरांचा नाही. आम्हीही “सर, हे पुन्हा सांगा” एवढेच म्हणतो. कुठे अडले ते सांगत नाही.

१८५५ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. वेद वाचण्याचा अधिकार आम्हांला नसेल, तर आमचा धर्म कोणता, असे त्या शाळकरी मुलीने त्यात विचारले. तिला होकार नको होता, उत्तर हवे होते. आपल्याला तर शिष्यवृत्तीच्या खिडकीपाशी साधा प्रश्न विचारायचा असतो, आणि तोही घशात अडकतो!

मित्रहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी ‘पुढे काय?’ हे सांगणारे कुणी शिकलेले नाही. म्हणूनच विचारणे ही आपली चैन नव्हे, गरज आहे. आबांचा उपदेश मी आता थोडा बदलून पाळतो : शहाण्यांत बसावे, नीट ऐकावे आणि जे कळले नाही ते विचारावे.