फाइल बिघडलेली नाही

आमच्या यंदाच्या अंकात एका कथेचा निम्मा मजकूर समासात आहे. दुसरीतलं पात्र मधेच उठून लेखकाशी हुज्जत घालतं. अक्षरजुळणी करणाऱ्या पोराचा फोन आला, "सर, फाइल बिघडून आली का?" नाही बाबा, आहे तशीच लाव.

जानेफळातून असलं काही छापायचं म्हटलं की ‘हे पुण्या-मुंबईचे चाळे’ हे ऐकावंच लागतं. अशांनी एकदा लीळाचरित्र उघडावं. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात रिद्धपुरात एकत्र केल्या. त्यातल्या मेहकर-लोणारच्या लीळा तर आपल्या अंगणातल्या. पुढे मूळ पोथी धाडीत गेली, शिष्यांनी ती आठवून पुन्हा लिहिली आणि आठवणी काही जुळेनात. मग त्यांनी कुणालाच खोटं पाडलं नाही. एका लीळेखाली ‘हिराइसा वासना’, ‘परशराम वासना’ अशी नावं घालून वेगळे पाठही नोंदवले. म्हणजे प्रसंग वाचता वाचता तो कोण सांगतंय, याचाही हिशेब वाचकाने ठेवायचा! त्यात पोथ्या सकळ या सांकेतिक लिपीत. अक्षरांची किल्ली नसेल तर पान समोर असूनही बंद. लीळाचरित्राची संपादित आवृत्ती १९७८ साली छापात आणली ती वि. भि. कोलते यांनी. तेही आपल्याच जिल्ह्यातले, मलकापूरकडच्या नरवेलचे. त्या आवृत्तीवरून वादंगही माजलं.

अलीकडच्या काळातही असे प्रयोग झालेच. ‘कोसला’ने १९६३ मध्ये कादंबरीत रोजनिशी घुसवली. जाहिरातींची मांडणी करणाऱ्या अरुण कोलटकरांनी १९७६ च्या इंग्रजी ‘जेजुरी’त शेतातल्या कोंबड्यांच्या उड्या शब्द वर-खाली उधळून दाखवल्या. तिथे ओळ सरळ केली की कोंबड्या बसल्याच खाली.

आमची कसोटी तेवढीच. ओळी नीट लावल्यावर कथेचं काही हरवत नसेल, तर ती आधीच नीट लिहायला काय हरकत होती? नुसते शब्द तिरपे केलेल्या बऱ्याच कथा या कसोटीवर साभार परत गेल्या. सरळ सांगण्याशी आमचं वैर नाही. सरळ सांगणारी ‘बारोमास’ लिहिणारे सदानंद देशमुखही इथून जवळच्या अमडापूरचेच.

शेवटच्या कथेत दोन रकाने आहेत. आधी डावा वाचायचा की उजवा, हे लेखिकेने आम्हालाही सांगितलेलं नाही.