कव्हर गेलं की शायर जातो

मामूंकडे साठ-सत्तर ईपी होत्या. सात इंची, एका बाजूला जेमतेम सात मिनिटं वाजणाऱ्या. घर नव्याने बांधायला काढलं तेव्हा प्लेअर बंद पडून वर्षं झाली होती. सगळा गठ्ठा बिडकीनच्या भंगारवाल्याला मीच मोजून दिला. नुकतंच बीएड झालं होतं, शहाणा झालो होतो! पेटीच्या तळाशी अडकलेली एकच राहिली, अजीज नाजां यांच्या कव्वालीची. चरे पडलेत, वाजत नाही. पण कव्हरच्या मागे बारीक अक्षरांत शायराचं नाव आहे: कैसर रत्नागिरवी.

अजीज नाजांची ‘चढता सूरज’ माझ्या वर्गातल्या मुलांना पाठ आहे. २०१७ च्या ‘इंदू सरकार’ चित्रपटात ती पुन्हा आली, त्यांच्या मुलाच्या, मुज्तबा यांच्या आवाजात. ती लिहिली कोणी, असं विचारलं तर वर्ग गप्प. मोबाईलवर गायकाचं नाव दिसतं, चढवणाऱ्याचं दिसतं, शायराचं बहुतेक ठिकाणी नसतंच. मी कैसर रत्नागिरवी हे नाव फळ्यावर लिहिलं तर एकजण म्हणाला, “सर, रत्नागिरवी म्हणजे आपली रत्नागिरी? कोकणात उर्दू?”

वली आणि सिराज यांचं औरंगाबाद एसटीने तासाभराच्या आत आहे आणि आमच्या पोरांना उर्दू म्हणजे दिल्ली-लखनऊ वाटते. त्यांना कशाला दोष द्यायचा? महाराष्ट्राच्या मातीतला शायर जिथे नावानिशी छापला होता, ते कव्हर आपणच रद्दीत घातलं. आपल्या बशर नवाज यांची गझल १९८२ च्या ‘बाजार’ चित्रपटात गेली म्हणून निदान नाव तरी टिकलं. सिनेमाबाहेर लिहिणाऱ्याकडे फक्त ते चौकोनी पुठ्ठ्याचं कव्हर होतं.

मुंबईच्या ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’ या रॉक बँडची दुर्मीळ झालेली रेकॉर्ड अमेरिकेतल्या कंपनीने पुन्हा काढली. चांगलंच झालं. कव्वालीच्या ईपीसाठी असं कोण येणार? आमच्यातले काही म्हणतात, गाणंबजावणं कशाला जपायचं? बाहेरचे म्हणतात, कव्वालीचा मराठी वाचनालयाशी काय संबंध? दोघांचं नेमकं इथेच एकमत होतं, हे मला खटकतं.

कायदा आड येतो, हे कारणही पुरेसं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणजे १९६४ सालचं ध्वनिमुद्रण आता मोकळं आहे. शब्दांवरचा हक्क मात्र शायराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, तो पाळलाच पाहिजे. पण नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडे असलेल्या वस्तूची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायला २०१२ च्या दुरुस्तीने परवानगी दिली आहे. अट एवढीच की वस्तू आधी ग्रंथालयाकडे हवी. आणि आपली ग्रंथालयं दिवाळी अंक घेतात, रेकॉर्ड घेत नाहीत. जिल्ह्यात एका ग्रंथालयाने तरी एक कपाट यासाठी ठेवावं, लोकांकडून मागून घ्यावं. फुकट मिळतील, अजून मिळतील.

तोवर मी मुलांना घरातल्या जुन्या कव्हरांचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून आणायला सांगितलंय. पहिल्या आठवड्यात तीन आले. दोन सिनेमांचे, एक कव्वालीचा. कव्वालीच्या कव्हरवर शायराचं अर्धं नाव वाळवीने खाल्लं आहे. उरलंय ते फक्त ‘...बादी’. औरंगाबादी की हैदराबादी, यावर वर्गात भांडण चालू आहे.