एका वाटीतील सोळा छायाचित्रे

दिवाळीच्या सुमारास किराणा मालाच्या दुकानात शिरले, की फळीवर ओळीने उभी असलेली फराळाची पाकिटे प्रथम नजरेत भरतात. प्रत्येकावर एक वाटी असते आणि त्या वाटीवर पोहे, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि कढीपत्ता हवेत उधळलेले असतात. जणू कोणी नुकतीच मूठ सोडली आणि तो क्षण तिथेच थांबला. पाहणाऱ्याचा समज असा, की एका चतुर छायाचित्रकाराने नेमक्या वेळी कळ दाबली. वस्तुतः असे चित्र एका क्षणाचे क्वचितच असते. दहा, पंधरा, कधी तीस निरनिराळी छायाचित्रे संगणकावर एकत्र सांधून ते तयार होते. व्यापारी घरांना ही कला आता परकी राहिलेली नाही. पाकीट असो, मोबाइलवरून धाडायची जाहिरात असो, मालाच्या आधी मालाचे चित्र गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचते. म्हणून त्याच्या जोडकामाची माहिती दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्यालाही असावी.

पुण्याच्या भवानी पेठेतील एका घराण्याची गोष्ट या दृष्टीने सांगण्यासारखी आहे. मूळ व्यवसाय भुसार मालाचा. गेल्या काही वर्षांपासून घरगुती पद्धतीचा चिवडाही विकला जातो. हा माल मुख्यतः कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांत जातो आणि पाकिटावर तसे ठळक छापलेले असते. यंदा जुनी साधी पिशवी बदलून चार हजार रंगीत पाउच छापायचे ठरले. अशा छपाईत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र सिलिंडर कोरावा लागतो; एकदा कोरला की चित्रात बदल करणे म्हणजे तो खर्च पुन्हा अंगावर घेणे. त्यामुळे सिलिंडर कोरण्यापूर्वी चित्र घरातील ज्येष्ठांना, म्हणजे बाऊजींना, दाखवण्यात आले.

चित्र एका डिझायनरने केले होते आणि प्रथमदर्शनी ते झगझगीत होते. बाऊजींनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सुनेला म्हणाले, "बेटा, या वाटीवर दोन सूर्य उगवलेत का?" शेंगदाण्यांच्या डाव्या बाजूला सावली होती, बदामांच्या उजव्या. त्यानंतर त्यांचे बोट वर सरकले आणि एका पांढऱ्या तुकड्यावर थांबले. ती लसणाची पाकळी होती.

घरात एकच गडबड उडाली. डिझायनरचा हेतू वाईट नव्हता. चिवडा म्हटल्यावर त्याने तयार चित्रांच्या साठ्यातून शेंगदाणे, बदाम, काजू, लसूण असे सुटे तुकडे उचलले आणि एका वाटीवर मांडले, एवढेच. चिवड्यात लसूण घालणारी घरे महाराष्ट्रात असंख्य आहेत. त्याच्या घरीही घालत असतील. पण "कांदा-लसूणविरहित" या शब्दांच्या बोटभर वर लसणाची पाकळी छापून चार हजार पाउच बाजारात गेले असते, तर तीस वर्षांच्या गिऱ्हाइकांना काय उत्तर द्यायचे होते? आणि बदाम तर त्या चिवड्यात कधी पडलेच नव्हते.

"हे चित्र आपल्या मालाचे नाही," बाऊजी म्हणाले. सुनेने ते काम स्वतःकडे घेतले. ती वाणिज्य शाखेची पदवीधर. छायाचित्रणाचा अनुभव लग्नसमारंभापुरता. भाच्याचा कॅमेरा मागून घेतला आणि आठ दिवसांची मुदत मागितली.

अनेक छायाचित्रांतून एक चित्र घडवणे ही संगणकाने आणलेली नवलाई आहे, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नव्हे. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रणाच्या काचा निळ्या रंगाला फार संवेदनशील असत; समुद्र नीट उमटवावा तर आकाश कोरे पांढरे होई. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५०च्या दशकात त्यावर तोड काढली, ती अशी, की आकाशाची एक निगेटिव्ह, समुद्राची दुसरी, आणि दोन्हींतून एकाच कागदावर छाप. १८५७ साली ऑस्कर रेलँडर याने इंग्लंडमध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जुळवून 'जीवनाचे दोन मार्ग' या आशयाचे भव्य चित्र केले. त्यावर टीका पुष्कळ झाली, तरी व्हिक्टोरिया राणीने त्याची प्रत विकत घेतली. उलट बाजूचे उदाहरण फिलिप हाल्समन यांचे. १९४८ मध्ये त्यांनी चित्रकार साल्वादोर दाली, तीन मांजरे आणि बादलीभर पाणी हे सारे एकाच वेळी हवेत टिपले. मनासारखे जमेपर्यंत पंचवीसहून अधिक वेळा मांजरे उडवावी लागली. (मांजरांचे मत कोणी नोंदवलेले दिसत नाही.) आणि तरीही चित्रफलक ज्या तारांनी टांगला होता, त्या तारा छापील चित्रातून पुसूनच काढाव्या लागल्या. म्हणजे एका क्षणाचे म्हणून गाजलेले चित्रही हात फिरवल्याशिवाय पुरे झाले नाही.

सुनेने चित्रणाची जागा निवडली ती घराची गच्ची. वेळ सकाळी दहाची, महिना भाद्रपद. कारण साधे गणिताचे होते. हातभर उंचीवरून सोडलेला शेंगदाणा वाटीपाशी येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला पावणेतीन मीटरच्या आसपास असतो. कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका उघडा राहिला, तर तेवढ्यात दाणा जवळजवळ तीन सेंटिमीटर सरकतो आणि चित्रात त्याची रेघ उमटते. पडदा सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरताच उघडला, तर तो जेमतेम दीड मिलिमीटर सरकतो आणि डोळ्याला स्थिर दिसतो. पण इतक्या अल्प वेळात पुरेसा उजेड हवा. व्यावसायिक मंडळी त्यासाठी फ्लॅशचे दिवे वापरतात. घरच्या माणसाला ऊन फुकट मिळते. फक्त ऊन थांबत नाही. वीस मिनिटांत सूर्य पाच अंश सरकतो, सावल्या फिरतात, आणि मग एकाच वाटीवर पुन्हा दोन सूर्य उगवतात. शिवाय भाद्रपदात ढगांचा भरवसा नसतो. पहिल्या दिवशी निम्मे काम ढगाआधी झाले, निम्मे ढगानंतर. दोन्हींचा रंग जुळेना, म्हणून सगळेच टाकून द्यावे लागले.

दुसऱ्या दिवशी तयारी पक्की होती. मागे गडद निळे कापड, समोर पितळेची वाटी, कॅमेरा तिपाईवर घट्ट, तिपाईच्या पायांभोवती खडूच्या खुणा. जिथून जिन्नस पडणार, त्या जागी विणकामाची सुई धरून तिच्यावर नजर स्थिर केली आणि कॅमेऱ्याची आपोआप बदलणारी सगळी यंत्रणा बंद केली. या कामातील निम्मे यश इथेच ठरते. प्रत्येक चित्रात उजेड, रंग, अंतर आणि कोन तोच राहिला, तरच पुढे सांधा दिसत नाही. नवशिके नेमके इथे घाई करतात आणि चूक संगणकावर दुरुस्त करू पाहतात.

पहिले छायाचित्र घेतले केवळ भरलेल्या वाटीचे. त्यात एक पांढरा डाग दिसला. शोध घेता कळले, की चकचकीत पितळेत खुद्द छायाचित्रकर्तीची पांढरी ओढणी उमटली आहे. मग त्या उन्हात तिने काळी शाल पांघरली आणि कामाला पुन्हा सुरुवात झाली. नातवंडे स्टुलावर उभी राहून एकेक जिन्नस सोडत होती. शेंगदाणे एकटे, डाळ्या एकट्या, खोबऱ्याचे काप एकटे. एकदम सगळे मिसळून टाकले, तर एक दाणा दुसऱ्याच्या आड जातो आणि नंतर सोडवता येत नाही. वजनदार दाणे सरळ खाली येतात. पोहे पसरतात, रेंगाळतात. कढीपत्त्याचे पान तर गिरक्या घेत भलतीकडेच जाते. एका चांगल्या पानासाठी एकतीस वेळा कळ दाबावी लागली. वीस मिनिटांत सर्व मिळून एकशे त्रेचाळीस छायाचित्रे झाली. खाली धुतलेली चादर अंथरली होती. त्यावर पडलेला चिवडा संध्याकाळपर्यंत घरातच संपला.

त्यांतून निवडली सोळा. वाटीचे एक, पोह्यांची चार, शेंगदाण्यांची तीन, डाळ्यांची दोन, खोबऱ्याची दोन, कढीपत्त्याची तीन आणि काजूचे एक. संगणकावरील जुळणी समजायला अवघड नाही. एकावर एक सोळा काचा ठेवल्या आहेत आणि प्रत्येक काचेवर एक छायाचित्र आहे, अशी कल्पना करावी. यांना लेयर म्हणतात. फोटोशॉप या प्रसिद्ध प्रणालीत ही सोय १९९४ साली आली आणि गिम्पसारख्या विनामूल्य प्रणालीतही ती आहे. प्रत्येक काचेला एक बुरखा असतो, त्याला मास्क म्हणतात. बुरख्यावर काळा रंग दिला की तेथील चित्र झाकले जाते, पांढरा दिला की उघडे पडते. मूळ चित्रातले काहीच खोडले जात नाही; चूक झाली तर पुन्हा उलट रंग द्यावा. डिझायनरने प्रत्येक तुकडा कडेने कापून चिकटवला होता, त्यामुळे कडा करवतीसारख्या दिसत होत्या. सुनेला कापावेच लागले नाही. मागचे कापड सगळीकडे तेच, उजेड तोच. दाण्याभोवतीची थोडी मोकळी जागा धरून तेवढा भाग उघडला, की तो मूळ चित्रात आपोआप मिसळून जाई.

पहिल्या जुळणीत तिने हौसेने ऐंशीएक तुकडे भरले. चिवड्याऐवजी गारपीट झाल्यासारखी वाटली. मग एकेक कमी करत गेली. जड दाणे वाटीजवळ खाली, हलके पोहे वर; दोन डाळ्या कॅमेऱ्याच्या अगदी जवळून गेल्याने धूसर आल्या होत्या, त्या मुद्दाम तशाच राहू दिल्या. सर्वच वस्तू सारख्या रेखीव असल्या, तर चित्र भिंतीवर चिकटवल्यासारखे होते. उधळण जिवंत वाटते ती तुकड्यांच्या संख्येमुळे नव्हे. त्यांच्यामध्ये राखलेल्या मोकळ्या जागेमुळे वाटते.

चित्र सर्वांना पसंत पडले. बाऊजींनी मात्र एक प्रश्न विचारला, "यात काजू किती?" वाटीतले आणि हवेतले मिळून सात पाकळ्या होत्या. त्यांनी गोदामातून अर्ध्या किलोची पाच पाकिटे मागवली, वर्तमानपत्रावर रिकामी केली आणि पाकळ्या मोजल्या. नऊ, अकरा, आठ, दहा, नऊ. चित्रातील वाटीत माल मावतो सुमारे पासष्ट ग्रॅम. त्या हिशोबाने चित्रात सव्वा पाकळी दिसायला हवी होती.

मुलगा म्हणाला, "बाऊजी, सगळेच असे करतात. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहू, चित्र केवळ कल्पनेसाठी."

"बारीक अक्षर वाचायला गिऱ्हाइकाने भिंग आणायचे का?"

हा वाद वडीलधाऱ्यांच्या हट्टाचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. अमेरिकेत कॅम्पबेल या सूप बनवणाऱ्या कंपनीच्या जाहिरातीत वाटीच्या तळाशी काचेच्या गोट्या घातल्या गेल्या होत्या. त्यामुळे भाज्यांचे तुकडे वर येऊन सूप भरगच्च दिसे. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने हरकत घेतली आणि १९७० साली असे पुन्हा न करण्याचे कंपनीला मान्य करावे लागले. त्या सूपात खोटा पदार्थ एकही नव्हता, भाज्याही त्याच डब्यातल्या होत्या. फसवे होते ते प्रमाण. आपल्याकडे अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ याच्या कलम ५३ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नेही केंद्रीय प्राधिकरणाला उत्पादकावर दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा तेच घडल्यास पन्नास लाखांपर्यंत, दंड लावण्याचा अधिकार दिला आहे. एखाद्या लहान चिवडेवाल्याच्या सात काजूंसाठी कोणी दिल्लीहून येईल असे नाही. पण पाकीट घरी नेऊन फोडणारी गृहिणी रोजच तपासणी करत असते, आणि तिचा निकाल ती शेजारणीला सांगते.

सून म्हणाली, "बाऊजी, सव्वा पाकळी दाखवली तर चित्रात काजू आहे हेच कळणार नाही." तेही खरे होते. मग कागद-पेन्सिल पुढे आली. पाकिटातल्या पाकळ्या सरासरी दहावरून वीस केल्या, तर अर्ध्या किलोमागे सात ग्रॅम काजू वाढतो. साडेआठशे रुपये किलोच्या भावाने खर्च सहा रुपये. चार हजार पाकिटांचे चोवीस हजार. पाकिटाची किंमत पाच रुपयांनी वाढवायची आणि उरलेला एक रुपया, म्हणजे एकूण चार हजार, घराने सोसायचा, असे ठरले. वीस पाकळ्यांच्या प्रमाणात पासष्ट ग्रॅमच्या वाटीला अडीचहून थोड्या अधिक पाकळ्या येतात. चित्रात तीन ठेवण्यास बाऊजींनी होकार दिला.

हवेतल्या काजूच्या लेयरवर बुरखा ओढला गेला, वाटीतल्या तीन पाकळ्या राहिल्या, आणि फाइल सिलिंडरसाठी रवाना झाली.

एक अडचण उरली होती. मोठ्या परातीत चिवडा कालवताना काजू तळाशी जातात, त्यामुळे एका पाकिटात आठ आणि दुसऱ्यात अकरा असा फरक पूर्वीपासून पडत आला होता. आता पॅकिंग करणाऱ्या बायकांकडे चौदा ग्रॅमचे एक लहान स्टीलचे माप दिले आहे. चिवडा पाउचमध्ये भरून झाला, की काजू त्या मापाने वेगळे घालायचे आणि मगच तोंड बंद करायचे. पहिल्या दिवशी त्यामुळे पॅकिंग दीड तास लांबले.