खोकला किती दिवसांचा, की किती त्रासाचा?

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात आमच्या ओपीडीत पंचेचाळिशीची एक बाई आली. चार महिन्यांचा कोरडा खोकला. थुंकीत क्षयाचे जंतू नाहीत, छातीचा एक्स-रे स्वच्छ. ‘सगळे नॉर्मल आहे,’ असे सांगून मी पुढचा केसपेपर हातात घेतला. बाई उठली नाही. म्हणाली, ‘साहेब, फोटो चांगला आला म्हनता, पन मले रातभर झोप नाही.’

मग मी विचारत गेलो. घरच्यांची झोपमोड नको म्हणून ती थंडीत पडवीत झोपत होती. गावच्या मंडईत रात्री नाटक होते. मध्येच उबळ आली तर लोक वळून बघतील म्हणून ती गेली नाही. टीबीच्या संशयाने शेजारणी तिच्याकडे चहा घेईनाशा झाल्या होत्या. उबळ जोराची आली की लघवी सुटते, हे तिने मला नाही, सिस्टरला सांगितले. माझ्या केसपेपरवर मात्र एकच ओळ होती: ‘खोकला, ४ महिने’.

मोठ्या माणसाचा खोकला आठ आठवड्यांहून जास्त टिकला, तर वैद्यकशास्त्र त्याला जुनाट म्हणते. पण मुदत म्हणजे त्रास नव्हे. हा त्रास मोजता येतो. इंग्लंडमधील लेस्टरच्या डॉक्टरांनी 2003 मध्ये त्यासाठी 19 प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. झोप, थकवा, चिंता, संकोच, कामातला आणि बोलण्यातला अडथळा, घरच्यांची चिडचिड असे गेल्या दोन आठवड्यांतले अनुभव ती विचारते. एकूण गुण 3 ते 21. गुण जितके कमी, तितका त्रास जास्त. उपचारानंतर तेच प्रश्न पुन्हा विचारले की फरक कळतो.

आपल्याकडे ती जशीच्या तशी चालणार नाही. त्यात रंगाच्या वा धुराच्या वासाने खोकला येतो का, असा प्रश्न आहे. गोंदियात चुलीचा धूर, राइस मिलमधली कोंड्याची धूळ आणि विडीच्या तंबाखूची भुकटी यांबद्दल विचारायला हवे. लघवी सुटण्याचा प्रश्न त्यात नाहीच. तो बाईनेच बाईला विचारावा. शिवाय आमच्या रांगेत मराठीबरोबर हिंदी, पोवारी आणि गोंडी बोलणारेही असतात.

‘एवढा वेळ कुठे आहे?’ असे माझे सहकारी विचारतात. रास्त आहे, मलाही गर्दीत माणशी दोन-तीन मिनिटेच मिळतात. पण 19 नाही, तरी चार प्रश्न रांगेतच विचारता येतील: रात्री किती वेळा जाग येते? कोणते काम सुटले? कुठे जाणे बंद केले? शून्य ते दहामध्ये त्रास किती? उत्तरे केसपेपरवर लिहायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारायची. ताप आणि बीपी आपण असेच लिहितो ना?

हे मोजमाप तपासणीची जागा घेत नाही. खोकला दोन आठवड्यांवर गेला की आधी थुंकी तपासायची. सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे. थुंकीत रक्त, वजनात घट किंवा दम असेल, तर एक दिवसही थांबू नये.

त्या बाईला खोकल्याच्याच रूपातला दमा निघाला. दोन महिने पंप घेतल्यावर ती पडवीतून घरात झोपायला आली. तिचा एक्स-रे आधीही स्वच्छ होता, नंतरही स्वच्छच राहिला असता. तिला बरे वाटले की नाही, हे त्या फोटोत कधी दिसलेच नसते.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना खोकला किती दिवसांचा एवढेच सांगू नका. त्याने तुमचे काय काय बंद पाडले, तेही सांगा. आणि आम्ही ते लिहून घेतो का, याकडे लक्ष ठेवा.