मायलेजच्या नादात पिकअपचा फॅन बदलू नका, आधी धंद्याचं गणित मांडा



धंद्यासाठी जुनी पिकअप बघायला गेलात की एक सल्ला हमखास मिळतो. बॉनेट उघडतं, कुणीतरी आत बोट दाखवतं आणि म्हणतं, "हा क्लचचा फॅन काढून टाका, इलेक्ट्रिक बसवा. गाडी मोकळी पळेल, मायलेज वाढेल." ऐकायला पटतं. नवीन माणूस हो म्हणतो आणि पहिल्याच महिन्यात गाडीवर खर्च करून बसतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. माल भरून घाट चढणारी डिझेल पिकअप असेल आणि कंपनीने तिला क्लचचा फॅन दिला असेल, तर तो काढू नका. खराब झाला असेल तर त्याच जातीचा नवीन बसवा. इलेक्ट्रिक फॅन वाईट नाही. पण तो कुठे चांगला आणि कुठे नाही, हे कळल्याशिवाय पैसे घालू नका. आता कारणं बघू.

दोन्ही फॅन काम कसं करतात?

क्लचचा फॅन इंजिनवर फिरतो. बऱ्याच गाड्यांमध्ये तो वॉटर पंपाच्या शाफ्टवर असतो आणि बेल्टवर चालतो. फॅन आणि शाफ्टच्या मधे एक गोल डबी असते, तोच क्लच. आत घट्ट सिलिकॉन ऑइल असतं. डबीच्या तोंडावर दोन धातूंची एक पट्टी किंवा स्प्रिंग असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की ती पट्टी वळते, आतली वाट उघडते, ऑइल पुढे सरकतं आणि फॅन जोरात फिरायला लागतो. हवा थंड झाली की ऑइल मागे जातं, क्लच घसरतो आणि फॅन सुस्त होतो. ना वायर, ना फ्यूज.

इलेक्ट्रिक फॅनला मोटर असते. पाणी ठरावीक तापलं की सेन्सर सांगतो, रिले लागतो, फॅन सुरू होतो. इंजिन कितीही हळू फिरत असलं तरी याचा वेग कमी होत नाही. वॅगनआर, स्विफ्टसारख्या गाड्यांमध्ये इंजिन आडवं बसवलेलं असतं. तिथे इंजिनचा शाफ्ट रेडिएटरकडे तोंड करून नसतोच, त्यामुळे इलेक्ट्रिक फॅनच सोयीचा. तिथे निवडीचा प्रश्न येत नाही.

मग फरक कुठे पडतो?

समजा तुम्ही रत्नागिरीहून माल भरून कोल्हापूरला निघालात. आंबा घाट लागला. गाडी दुसऱ्या गिअरवर, वेग कमी, म्हणजे समोरून येणारी हवा कमी. पण इंजिन जोरात फिरतंय आणि सगळा जोर लावतंय, म्हणजे उष्णता भरपूर. या वेळी क्लचचा फॅन इंजिनबरोबर जोरात फिरतो. गरज जास्त तेव्हा हवाही जास्त. इलेक्ट्रिक फॅन मात्र त्याच्या मोटरच्या ताकदीएवढीच हवा ओढणार. बाजारातला स्वस्त किट छोटा पडला, तर घाटाच्या मध्यावर काटा वर चढतो.

आता उलटं बघा. गाडी शहरातल्या ट्रॅफिकमध्ये उभी आहे, इंजिन आयडलवर. इथे क्लचचा फॅनही हळू फिरतो आणि इलेक्ट्रिक फॅन पूर्ण वेगाने. म्हणजे इथे इलेक्ट्रिकची बाजू वरचढ.

आणि हायवेवर? तिथे समोरची हवाच बहुतेक काम करते. इलेक्ट्रिक फॅन बंद असतो, क्लचचा फॅन घसरत असतो.

मायलेजचा दावा कुठून आला?

इथे लोक गल्लत करतात. जुन्या काही गाड्यांना क्लच नसलेला, थेट जोडलेला फॅन असायचा. तो गरज असो नसो, इंजिनची ताकद खायचा. तो काढून इलेक्ट्रिक बसवला तर फरक जाणवतो. पण क्लचचा फॅन गार असताना आधीच घसरतो. वाचवायला तिथे फारसं उरलेलं नसतं.

शिवाय इलेक्ट्रिक फॅनची वीज फुकट येत नाही. फॅन 30 अँपिअर घेत असेल, तर 12 व्होल्टला ते 360 वॅट झाले. म्हणजे हेडलाइटचे 60 वॅटचे सहा बल्ब एकदम लावल्यासारखं. ही वीज अल्टरनेटर तयार करतो, आणि अल्टरनेटर फिरवायला ताकद इंजिनचीच लागते.

आता गणित मांडू

आकडे फक्त उदाहरणासाठी धरतोय, तुम्ही तुमचे घाला. गाडी रोज 60 किलोमीटर चालते, मायलेज 12, डिझेल 90 रुपये. रोजचा खर्च 450 रुपये. महिन्याला 25 दिवस गाडी चालते. आपण उदार होऊन धरू की इलेक्ट्रिक फॅनने 3 टक्के बचत होते. म्हणजे रोजचे साडेतेरा रुपये. महिन्याचे साधारण 340. वर्षाचे 4,000 च्या आसपास.

किट, वायरिंग आणि मजुरी मिळून 12,000 धरले, तर पैसे सुटायला जवळजवळ 3 वर्षं लागतात. आणि ही सगळी बचत खरी निघाली तर!

आता दुसरी बाजू. गाडी एकदा जबरदस्त तापली, हेड गॅस्केट उडालं, तर काय काय जातं? त्या दिवसाचं भाडं. टोचन. हेडचं काम. गाडी गॅरेजला उभी असतानाचे दिवस. भाजी, मासळी असेल तर मालाचं नुकसान. आणि ज्या व्यापाऱ्याने विश्वासाने पहिली ऑर्डर दिली, तो पुढच्या वेळी दुसऱ्याला फोन करणार. हप्ता मात्र ठरलेल्या तारखेलाच जाणार. रोजच्या साडेतेरा रुपयांसाठी ही जोखीम घ्यायची का, हा प्रश्न मेकॅनिकचा नाही, मालकाचा आहे.

बिघाड कसा कळतो, हेही बघा

क्लच बहुतेक वेळा हळूहळू जातो आणि आधी इशारा देतो. डबीवर तेलकट डाग दिसतात. इंजिन पूर्ण थंड, चावी काढलेली, अशा वेळी हाताने फॅन फिरवला तर थोडा अडखळला पाहिजे. गरगर फिरत राहिला तर क्लच कमजोर झालाय. उलट तो जाम झाला असेल तर इंजिन गार असतानाही फॅन विमानासारखा घोंगावतो, पिकअप कमी होतो, डिझेल जास्त लागतं. सकाळी पहिल्या मिनिटभर थोडा आवाज येणं मात्र साधं आहे, त्याला घाबरू नका.

इलेक्ट्रिक फॅन बऱ्याचदा न सांगता बंद पडतो. फ्यूज, रिले, ढिला कनेक्टर, मोटर, यातलं काहीही कारण असू शकतं. त्याची जमेची बाजू म्हणजे फ्यूज किंवा रिले रस्त्यावरही बदलता येतो. म्हणून इलेक्ट्रिक फॅनची गाडी असेल तर एक जादा रिले आणि दोन फ्यूज डॅशबोर्डच्या खणात ठेवाच.

एक सूचना जीव तोडून सांगतो. इलेक्ट्रिक फॅन गाडी बंद केल्यावरही अचानक सुरू होऊ शकतो, हात दूर ठेवा. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका.

इलेक्ट्रिक कधी घ्यावा?

कंपनीतूनच आलेला असेल तर बिनधास्त वापरा, तो त्या इंजिनचा विचार करून दिलेला असतो. गाडी दिवसभर शहरातच थांबत थांबत फिरणार असेल, सपाट रस्ता, हलका माल असेल, तर विचार करायला हरकत नाही. पण मग काम पूर्ण करा. फॅन रेडिएटर नीट झाकेल एवढा मोठा हवा, मागे कव्हर हवं, रिले आणि फ्यूज हवेत, जाड वायर हवी, अल्टरनेटरला तो भार झेपला पाहिजे. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंगला हात लावण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा.

फॅनवर खापर फोडण्याआधी

गाडी तापते म्हणजे फॅनच गेला असं नाही. कूलंट पुरेसं आहे का? रेडिएटरच्या झाकणाचं रबर धड आहे का? जाळीत चिखल, किडे अडकलेत का? थर्मोस्टॅट उघडतो का? बेल्ट ढिला आहे का? फॅनभोवतीचं कव्हर कुणी काढून फेकलंय का? यातल्या बऱ्याच गोष्टी किटपेक्षा खूप स्वस्तात सुटतात.

तुमच्यापैकी जे गॅरेज टाकायचा विचार करताहेत, त्यांनाही हेच सांगेन. किट विकून एकदा पैसे मिळतील. पण "दादा, तुमचा फॅन चांगला आहे, फक्त झाकण बदला" असं सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक परत येतं, आणि येताना अजून दोघांना घेऊन येतं.

या आठवड्याचा गृहपाठ: वहीत तीन ओळी लिहा. माझी गाडी रोज कुठून कुठे जाते? माल किती असतो? एक दिवस उभी राहिली तर माझे किती रुपये जातात? तिसऱ्या ओळीचा आकडा लिहून झाल्यावरच मेकॅनिककडे जा. मग कोण काय विकतंय, ते तुम्हाला आपोआप कळेल.