जीएसटी कमी झाला म्हणून पुढचे टायर रुंद करताय? आधी हे गणित बघा

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरच्या टायरवरचा तर १८ वरून थेट ५ टक्के झाला. बीडसारख्या जिल्ह्यात ही बातमी शेतकऱ्याच्याही कामाची आणि गाडीवाल्या पोरांच्याही. हिशोब साधा आहे. करापूर्वी ४००० रुपयांचा टायर आधी ५१२० ला पडायचा, आता ४७२० ला पडतो. टायरमागे ४०० रुपये, चार टायरचे १६०० रुपये वाचले.

आता हे वाचलेले पैसे कुठे जातात ते इन्स्टावर बघा. ‘अपसाइझ’ हा शब्द असलेली रील दिसली नाही असा दिवस जात नाही. स्विफ्टला रुंद टायर, थारला त्याहून रुंद टायर आणि खाली कमेंट ठरलेली: ‘भाऊ, गाडी रस्त्याला चिकटून चालते.’ बजेट कमी असेल तर सल्ला असतो की चार नको, पुढचेच दोन रुंद टाक, कारण इंजिनची ताकद पुढेच असते.

ही पुढच्या टायरची आयडिया हवेतून आलेली नाही. ती ऑटोक्रॉस नावाच्या खेळातून आली आहे आणि तिथे ती खरंच चालते. पण मैदानावर जे फायद्याचं आहे तेच धुळे-सोलापूर महामार्गावर उलटं का पडतं, हे समजून घेऊया.

ऑटोक्रॉसमध्ये नेमकं काय करतात?

अमेरिकेत ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या डांबरी मैदानात शंकू मांडून केलेला वळणावळणाचा ट्रॅक. एका वेळी एकच गाडी घड्याळाविरुद्ध पळते. शंकू पाडला की वेळेत दोन सेकंदांचा दंड. आपल्याकडे हा खेळ बहुतेक मातीच्या ट्रॅकवर होतो आणि मोटरस्पोर्टचा कारभार एफएमएससीआय ही संस्था बघते. महाराष्ट्रात नाशिकने राष्ट्रीय रॅलीची फेरीही पाहिली आहे, त्यामुळे हे सगळं आपल्याला अगदीच परकं नाही.

या खेळात वेग फार नसतो, वळणं मात्र खूप असतात. स्पोर्ट्स कार बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या पुढचे टायर मुद्दाम मागच्यापेक्षा अरुंद देतात. अलीकडच्या पोर्शे ९११ कॅरेराचं उदाहरण घ्या: पुढे २३५ मिलिमीटर, मागे २९५. का? वळणावर वेग जास्त झाला तर आधी पुढचे टायर घसरावेत म्हणून. पुढचे घसरले की गाडी वळायच्या ऐवजी सरळ जाऊ लागते. याला अंडरस्टिअर म्हणतात. सामान्य चालक घाबरून अॅक्सिलरेटर सोडतो, वजन पुढच्या चाकांवर येतं, पकड परत मिळते आणि गाडी वळते. म्हणजे कंपनीने चुकीला थोडी जागा ठेवलेली असते.

ऑटोक्रॉसवाल्याला ही जागा नको असते, कारण सरळ जाणारी गाडी वेळ खाते. म्हणून तो पुढे रुंद टायर टाकतो. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या ‘स्ट्रीट’ गटात तर रिमची रुंदी मूळचीच ठेवावी लागते, मग लोक त्याच रिमवर बसेल तेवढा रुंद टायर चढवतात. शेवरलेने २०१४ ची कॅमारो झेड/२८ ट्रॅकसाठी बनवली तेव्हा पुढे आणि मागे, दोन्हीकडे ३०५ मिलिमीटरचे टायर दिले. पुढची पकड वाढली की गाडी पटकन वळते. आणि मागची बाजू फिरलीच तर? दोन-चार शंकू पडतात, लोक हसतात, चालक पुढच्या फेरीला उभा राहतो.

रुंद टायर म्हणजे जास्त रबर रस्त्यावर?

इथे बहुतेक रील चुकतात. समजा गाडी माणसांसकट १००० किलोची आहे आणि ६० टक्के वजन पुढे आहे. म्हणजे पुढच्या एका टायरवर ३०० किलो. हवा ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलो. भागाकार केला की उत्तर येतं सुमारे १३३ चौरस सेंटिमीटर. एका पोस्टकार्डाएवढी जागा. तुमची अख्खी गाडी अशा चार पोस्टकार्डांवर उभी असते.

आता वजन तेच आणि हवाही तेवढीच ठेवून टायर रुंद केला, तर हे क्षेत्रफळ फारसं बदलत नाही. बदलतो तो आकार. पोस्टकार्ड आडवं होतं: रुंदी वाढते, लांबी कमी होते. या आडव्या आकारामुळे वळताना टायर लवकर प्रतिसाद देतो. शिवाय टायरचा एक स्वभाव असा की त्याच्यावरचा भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. जोरात वळताना बाहेरच्या पुढच्या टायरवर सगळा भार येतो, तिथे रुंद टायर कमी दमतो. सलग वळणांत तो तापतोही कमी. म्हणजे रुंदीचा फायदा खरा आहे, पण तो टायरला अगदी टोकाला नेल्यावर दिसतो. गेवराईहून बीडला ८० च्या वेगाने सरळ जाताना तुम्ही त्या टोकाच्या जवळपासही नसता.

मग त्या वेळी पकड कशावर ठरते? रबराच्या दर्जावर, टायरच्या वयावर, नक्षीच्या खोलीवर आणि हवेच्या दाबावर. रीलमध्ये यातलं काहीच दिसत नाही, कारण स्टँडवर लावलेल्या गाडीत फक्त रुंदी दिसते.

आपल्या रस्त्यावर हिशोब का उलटतो?

ऊस हंगामात माजलगाव, केज, अंबाजोगाई पट्ट्यात रात्री गाडी चालवली असेल तर पुढचं सांगायची गरज नाही. समोर उसाने गच्च भरलेली ट्रॉली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. दिसते तेव्हा अंतर संपत आलेलं असतं. तुम्ही एकाच वेळी ब्रेक मारता आणि स्टिअरिंग फिरवता. सगळं वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. अशा क्षणी पुढे नवे रुंद टायर आणि मागे झिजलेले जुने टायर असतील तर पुढची बाजू झटकन वळते आणि मागची बाजू सुटते. गाडी गरकन फिरते. याला ओव्हरस्टिअर म्हणतात. मैदानावर शंकू पडला असता. इथे शेजारून ट्रक येत असतो.

म्हणूनच टायर कंपन्यांचा सल्ला आहे की दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर ओढली जाणारी असली तरीही. पुढचे घसरले तर स्टिअरिंग हातात हलकं लागतं, तुम्हाला कळतं. मागचे घसरल्याचं कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

दुसरा मुद्दा पावसाचा. रस्त्यावर पाणी साचलेलं असताना टायरला ते बाजूला ढकलावं लागतं. टायर जितका रुंद, तितकं जास्त पाणी ढकलायचं. त्यामुळे बाकी सगळं सारखं असेल तर रुंद टायर कमी वेगालाच पाण्यावर तरंगायला लागतो. जूनच्या पहिल्या पावसात हे आठवा.

रुंदी वाईट असं मात्र नाही. उसाची बैलगाडी लाकडी चाकावरून टायरवर आली, कारण रुंद रबरी चाक मऊ रानात कमी रुततं. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचंही तेच. तिथे भार आहे, मऊ जमीन आहे आणि वेग नाही. रुंदी कामाची असते, पण त्या कामापुरती.

गाडीतला कॉम्प्युटर गोंधळतो तो कसा?

मी कोड लिहिणारा माणूस, त्यामुळे मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांत एबीएस आहे. ही यंत्रणा प्रत्येक चाक किती वेगाने फिरतंय ते मोजते. टायरचा व्यास किती, हे तिला कंपनीने सांगून ठेवलेलं असतं. टायर बदलल्याचं तिला कोणी कळवत नाही.

उदाहरण बघा. स्विफ्टला १८५/६५ आर१५ हा टायर येतो. १८५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १५ म्हणजे इंचांत रिमचा व्यास. याचा एकूण व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर. पुढे २०५/६५ आर१५ टाकला तर व्यास होतो सुमारे ६४७, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त वाढ. पुढची चाकं मोठी, म्हणून ती सावकाश फिरतात. मागची लहान, ती भराभर फिरतात. कॉम्प्युटरला पुढच्या आणि मागच्या चाकांत कायमचा फरक दिसत राहतो. एबीएस आणि ईएससीचे निर्णय याच आकड्यांवर होतात. चाकाचा वेग मोजून हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणाही अशाने चकते.

थारसारख्या फोर बाय फोर गाडीत तर पुढे-मागे वेगळा व्यास ठेवूच नका. फोर व्हील ड्राइव्ह लावून कडक रस्त्यावर चालवलं की दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात आणि ताण गिअरच्या भागांवर येतो.

चारही टायर मोठे केले तरी स्पीडोमीटर चुकतो. वरच्या उदाहरणात काटा १०० दाखवत असताना आधीपेक्षा वेग चार किलोमीटरने जास्त असतो. व्यास सांभाळायचा असेल तर २०५/६० आर१५ हा पर्याय आहे, त्याचा फरक एक टक्क्याच्या आत आहे. पण तो तुमच्या रिमच्या रुंदीला चालतो का आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आत घासतो का, हे तपासावंच लागतं. शिवाय रुंद टायर बहुधा जड असतो, हवाही जास्त अडवतो. त्याची वसुली पेट्रोल पंपावर होते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

म्हणजे प्रत्येक वेगळा टायर बेकायदा का? तसं नाही. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनी जो साइझ देते तो सगळ्यात सुरक्षित पर्याय. थारला २४५/७५ आर१६ आणि २५५/६५ आर१८ असे दोन साइझ कंपनीनेच दिले आहेत. यातला जो घ्याल तो चारही चाकांना, त्याच्या रिमसकट घ्या. मडगार्डच्या बाहेर आलेला टायर मात्र एमएच-२३ च्या हद्दीत असो की एमएच-४४ च्या, वाहतूक पोलिसाला लांबूनच दिसतो. अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअरही तो बदल नोंदवतो. कंपनीला न कळवलेला बदल मग वादाचा मुद्दा होतो.

मग वाचलेले पैसे कुठे घालायचे?

माझं मत स्पष्ट आहे: त्याच साइझचा, एक पायरी वरच्या दर्जाचा टायर घ्या. भारतात टायरसाठी ओल्या रस्त्यावरची पकड, रोलिंग रेझिस्टन्स आणि आवाज यांचे निकष २०२२ मध्ये अधिसूचित झाले आहेत. दुकानात रुंदी विचारण्याऐवजी ओल्या रस्त्यावरच्या पकडीबद्दल विचारा.

आणि त्याआधी मोबाइल घेऊन गाडीजवळ जा, पाच मिनिटांचं काम आहे:

• ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरचा फोटो काढा. त्यावर कंपनीने मंजूर केलेला साइझ आणि हवेचा दाब लिहिलेला असतो.

• टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे शोधा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ‘नवाच आहे’ म्हणून विकलेल्या सेकंडहँड टायरचं वय इथे कळतं.

• टॉर्च लावून नक्षीच्या खाचा बघा. खाचेतल्या उंचवट्यापर्यंत रबर झिजलं असेल तर टायर संपला. कारसाठी कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे.

• मोकळ्या सरळ रस्त्यावर शेजारी बसलेल्याला मॅप्समधला वेग वाचायला सांगा आणि काट्याशी ताडून बघा. कंपनीचा काटा मुळात थोडा जास्तच वेग दाखवतो. तुमचा काटा मॅप्सपेक्षा कमी दाखवत असेल तर टायरचा साइझ तपासा.

• महिन्यातून एकदा, टायर गार असताना हवा भरा.

खरंच ऑटोक्रॉसची हौस असेल तर ती चांगलीच हौस आहे. परवानगी घेतलेल्या स्पर्धेत, हेल्मेट घालून, अॅम्ब्युलन्स उभी असलेल्या ट्रॅकवर जा. पुढे हवे तेवढे रुंद टायर टाका आणि मागची बाजू कशी सुटते ते तिथे अनुभवा. मांजरसुंबा घाटात घरच्यांना बसवून चालवायची गाडी मात्र कंपनीने जशी तोलून दिली आहे तशीच राहू द्या.